दोष लाइनवरचा नव्हता

साथींनो, गाडीत दोष निघाला की पहिले बोट लाइनवरच्या कामगाराकडे वळते. म्हणून आम्ही शेवरोले कोबाल्टची हकिगत सांगतो. ओहायोतील लॉर्डस्टाउनला ही छोटी गाडी बनत असे. तिचा इग्निशन स्विच ढिला. किल्ल्यांचा जुडगा जड असला, चाक खड्ड्यात आदळले, की किल्ली फिरे. इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि ऐन अपघातात एअरबॅग उघडेना. स्विच मापात बसत नव्हता, तरी कंपनीच्या इंजिनिअरने २००२ मध्ये मंजूर केला होता. २००६ मध्ये त्यानेच सुधारित स्विचला मंजुरी दिली, पण पार्ट नंबर जुनाच ठेवला! मग फरक कळावा कुणाला? गाड्या परत मागवल्या त्या थेट २०१४ मध्ये. जनरल मोटर्सच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. पार्ट बदलला की नंबर बदलावा आणि त्याची नोंद शॉप फ्लोअरवर लावावी, ही मागणी आम्ही पुढच्या करारात घालणार आहोत.