कपाटाची किल्ली
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)



काल या मांडवात जमीन आणि मजुरी यांवर दिवसभर चर्चा झाली. आज मी मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांवर बोलणार आहे. काहींना हा विषय जेवणानंतरचा वाटेल. पण ज्याला पाचवीत गेल्यावरही दुसरीचा उतारा वाचता येत नाही, तो उद्या हजेरीपट आणि सातबारा कोणाच्या डोळ्यांनी वाचणार आहे? ‘असर’च्या २०२२ च्या ग्रामीण पाहणीत पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनाकाळात शाळा बंद होत्या, हे खरे. परंतु त्याआधी, २०१८ मध्येही, हे प्रमाण ५०.५ टक्केच होते. अर्धा वर्ग आधीच मागे राहिला होता.

याचे एक कारण आपल्याला वर्गात नव्हे, घरात सापडेल. पांढरपेशा घरातील मूल शाळेत येते तेव्हा त्याने आजीच्या मांडीवर बसून शेकडो गोष्टी ऐकलेल्या असतात, पुस्तके चाळलेली असतात. काळ्या खुणा बोलतात, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, पान उलटले की गोष्ट पुढे सरकते, हे त्याला कोणी न शिकवता ठाऊक असते. ‘इतक्यात’, ‘तथापि’, ‘नवल म्हणजे’ अशी पुस्तकी भाषा त्याच्या कानावरून गेलेली असते. ही वडिलोपार्जित मालमत्ताच आहे. फक्त तिची नोंद तलाठ्याकडे होत नाही. ऊसतोडणी कामगाराच्या मुलाने गोष्टी ऐकलेल्या असतात, पण पुस्तक पाहिलेले नसते. शाळा दोघांपुढेही एकच मुळाक्षरांचा तक्ता टांगते, आणि तीन महिन्यांनी दुसऱ्याला मठ्ठ ठरवते.

गोष्टीचे पुस्तक ही दरी कशी बुजवते? शिक्षिका मोठ्या चित्रांचे पुस्तक मुलांकडे तोंड करून धरते आणि ओळीखाली बोट फिरवीत वाचते. गोष्टीत एखादे पालुपद असते. तिसऱ्यांदा ते येते तेव्हा मुलेच ओरडून म्हणतात, आणि तेव्हा तिचे बोट नेमके त्याच शब्दांखाली असते. आवाज आणि खूण यांची गाठ तिथे पडते. मग ‘माकड’ हा शब्द पट्टीवर लिहायचा, त्यातला ‘मा’ आणखी कुठे दिसतो ते शोधायचे. येथे एक इशारा दिला पाहिजे. नुसत्या गोष्टी ऐकून वाचन येते, असा एक भाबडा समज आपल्या पुरोगामी मंडळींतही आहे. तसे होत नाही. काना, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे नेमाने शिकवावीच लागतात. गोष्ट त्या कष्टाला अर्थ देते.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. गिजुभाई बधेका यांच्या १९३२ च्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या दांडग्या वर्गावर ताबा मिळवतो तो गोष्ट सांगून. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या, आणि तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा सरळ हिशेब होता. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. मुलांना गुरे राखायची असतात म्हणून कुरणात शाळा भरवली. सरकारने १९७५ पासून अंगणवाडी टप्प्याटप्प्याने देशभर नेली. नाव पोचले, गोष्ट मात्र पुष्कळ ठिकाणी खिचडीच्या मागे राहिली.

आता किल्लीविषयी. ज्या शाळेत मी पहिली नोकरी केली, तेथे गोष्टींची पुस्तके होती. लोखंडी कपाटात, कुलूपबंद. पुस्तक फाटले वा हरवले तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून होईल, या धास्तीने मुख्याध्यापक वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, कपाट उघडत. पुस्तकांची नोंद जडसंग्रह वहीत होती. यापेक्षा नेमका शब्द मला सुचला नसता. मीही दोन वर्षे गप्प बसलो, हे कबूल केले पाहिजे. नंतर शनिवारी किल्ली मागून घेऊ लागलो. वर्षअखेर काही पुस्तके परत आली नाहीत. एक मला पुढे एका झोपडीत, कुडाच्या भिंतीत खोचलेले दिसले. त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. ही मेहेरबानी नाही, कायदा आहे. आपण शाळेच्या छपरासाठी मोर्चे काढले. कपाटासाठी कधी निवेदनही दिले नाही.

भाषेचा प्रश्न यातच आहे. पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला पहिले पुस्तक प्रमाण मराठीत मिळाले, तर त्याला एकाच वेळी लिपी आणि भाषा अशा दोन भिंती चढाव्या लागतात. अशा गावात आईला, आजीला शाळेत बोलवा. तिला अक्षर येत नसेल, पण गोष्ट येते. ती तिच्या बोलीत सांगेल, शिक्षक देवनागरीत लिहून घेईल, मुले चित्रे काढतील, आणि दाभणाने शिवलेली सोळा पानांची वही त्या वर्गाचे पहिले पुस्तक होईल. खर्च कागदाचा आणि दोऱ्याचा.

तेव्हा येथून परत गेल्यावर, येत्या सोमवारी, आपापल्या गावच्या शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांतल्या दोघांना बरोबर घ्या. कपाट उघडायला सांगा, पुस्तके मोजा, आणि शेवटचे पुस्तक कोणत्या तारखेला मुलाच्या हाती गेले ते वहीत पाहा. पुढच्या बैठकीला ती तारीख घेऊन या.