चित्रकलेचा विद्यार्थी आणि गावची शाळा

(डिंगोरे, तालुका जुन्नर, व आसपासच्या प्राथमिक शाळांतील शिक्षकांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परंतु गणित मागे पडले, परीक्षा जवळ आली किंवा पाहुणे यावयाचे ठरले, की पहिला बळी याच तासाचा जातो. चित्रकला ही निसर्गतः हुषार असलेल्या एखाद्या मुलाची करमणूक आहे, इतरांना तिचे प्रयोजन नाही, हा समज त्यामागे असतो. तो समज कितपत खरा आहे, हे ज्यांनी आपले आयुष्य चित्रकलेचे विद्यार्थी म्हणून घालविले त्यांच्या चरित्रांवरून पाहणे उचित होईल.

या विचाराला डिंगोऱ्याच्या आसमंतातूनच आरंभ करता येतो. एका बाजूस ओतूर आणि दुसऱ्या बाजूस माळशेज घाट, अशा मार्गावर हे गाव वसले आहे. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यात, म्हणजे तेथील चैत्यगृहात, एक प्राचीन लेख आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने ते चैत्यगृह दान दिले, असे त्यात म्हटले आहे. कोकणातील मनुष्याने घाटमाथ्यावर येऊन दगडातील कला सर्वांसाठी खुली केली! दात्याचे नाव लेखात राहिले. ज्यांनी ते स्तंभ घडविले त्यांचे नाव मात्र त्यात नाही. तरीही ते हात कधी तरी शिकाऊ होते, कोणा जाणत्याच्या शेजारी बसून छिन्नी धरावयास शिकले होते, यात संशय नाही. कला शिकणे आणि ती दुसऱ्यास देणे, या दोन्ही गोष्टींचा वारसा या परिसराला असा दीर्घकाळापासून लाभलेला आहे.

अशाच लेण्यांमध्ये पुढे अर्वाचीन काळातील विद्यार्थी जाऊन बसले. मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ साली सुरू झाले. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. अंधाऱ्या लेण्यांत अंधूक झालेली रेषा शोधावयाची, उडालेल्या रंगाची मूळ छटा ओळखावयाची आणि मग ती कापडावर उतरवावयाची, असे ते काम होते. त्या प्रतिकृती लंडनला पाठविण्यात आल्या आणि १८८५ सालच्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळून गेल्या. तथापि उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा मोठा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजिंठ्याची चित्रे जगातील दूरदूरच्या लोकांना घरबसल्या पाहावयास मिळाली. विद्यार्थ्यांच्या हातून झालेली चित्रसेवा किती दूर पोहोचते, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच विद्यालयात १८९० साली कोल्हापूरहून एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांचा जन्म १८६७ सालचा. शिक्षणाची त्या काळची रीत कठोर होती. प्लास्टरच्या पुतळ्यांपुढे तासन् तास बसून छायाप्रकाशाचा अभ्यास करावयाचा, तीच रेषा पुनःपुन्हा काढावयाची आणि त्यानंतर जिवंत माणसाकडे वळावयाचे. या साधनेतून धुरंधरांनी जे मिळविले ते केवळ हाताचे कौशल्य नव्हते. ती नजर होती. स्त्रिया लुगडे कसे नेसतात, हमाल ओझे उचलताना पाठ कशी वाकवितो, बाजारात माणसे कशी उभी राहतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय चित्रकार ठरले.

पदक मिळाल्यावर पुष्कळांची विद्यार्थिदशा संपते. धुरंधरांची ती संपली नाही. ज्या विद्यालयात ते शिकले तेथेच ते शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. विद्यार्थी व शिक्षक मिळून हा काळ एक्केचाळीस वर्षांचा होतो, आणि त्यांच्या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींचे नावही 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' असेच आहे. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनीही त्याच विद्यालयात रीतसर शिक्षण घेतले. मुलींनी चित्रकलेची पदविका घेणे त्या काळी विरळाच होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. धुरंधरांनी मोठमोठी तैलचित्रे रंगविली. परंतु त्यांची कला दिवाणखान्यांच्या भिंतींवर अडकून राहिली नाही. त्यांची चित्रे टपालाच्या कार्डांवर छापली गेली आणि अल्प मोलात घरोघर गेली. आपल्याकडे श्रावणात बायकामुले ज्या वारांच्या कहाण्या ऐकतात, त्या किंकेड यांनी इंग्रजीत सांगितल्या. १९१४ साली निघालेल्या त्या पुस्तकाची चित्रे धुरंधरांची होती. आटपाट नगरातील राजाराणी परक्या देशातील मुलांना दिसले ते एका मराठी चित्रकाराच्या डोळ्यांनी! चित्र रंगवून झाले म्हणजे चित्रकाराचे निम्मेच काम होते; ते दुसऱ्याच्या दृष्टीस पडून त्याच्या मनात उतरले म्हणजे ते पूर्ण होते.

कोणी म्हणेल, हे सारे मुंबईच्या विद्यालयातील लोक. खेड्यातील मुलास त्याचा काय उपयोग? त्यास कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांचे उत्तर आहे. १८९० साली जन्मलेले बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. वडिलांची सुतारकामाची व कारागिरीची जागा हीच त्यांची शाळा. त्यांनी व आनंदराव मेस्त्री यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. ज्यांनी कधी चित्रशाळेचे दार पाहिले नव्हते अशा प्रेक्षकांनी त्या पडद्यांवर राजवाडे आणि अरण्ये पाहिली. पुढे १९२० साली बाबूरावांनी 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे पुढे स्वतः नावारूपास आली.

आणि ज्याला कारागिराची जागाही लाभली नाही, त्याचे काय? १९३४ साली जन्मलेल्या जिव्या सोमा मशे या वारली बालकाची हकीकत प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी. लहानपणीच त्याची आई गेली. त्या आघाताने त्याने बोलणे सोडले. तो धुळीत आकृत्या काढून आपले मनोगत सांगू लागला. वारल्यांमध्ये लग्नाच्या वेळी स्त्रिया भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. पुरुषाने रोज चित्र काढीत बसण्याची रीत त्यांच्यात नव्हती. तरीही जिव्या काढीत राहिले. १९७० नंतरच्या काळात त्यांची चित्रे कागदावर उतरून देशोदेशी गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. ज्या मुलाला शब्द सापडत नव्हते, त्याला रेषेने वाचा दिली.

आता गावच्या शाळेकडे वळू या. पहिलीच्या वर्गात जे मूल नाव विचारले असता मान खाली घालते, ज्याचा पाढा अडतो, ज्याची घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे, त्याला पाटीवर बैल काढावयास सांगून पाहावे. ते बैलाची शिंगे, वेसण आणि पोळ्याची झूल आठवून काढील. त्यानंतर त्यास विचारावे, 'हा बैल कोणाचा? कोठे निघाला?' मूल बोलू लागेल. चित्राचा तास गणिताचा वैरी नव्हे. तो भाषेचा सखा आहे.

यासाठी फार साहित्य लागत नाही. गेरू, चुना, कोळसा, हळद, ओढ्याकाठची माती, दातवणाप्रमाणे टोक चेचलेली बाभळीची काडी, एवढे डिंगोऱ्यासारख्या कोणत्याही गावात मिळते. मात्र तीन पथ्ये पाळणे अवश्य आहे. पहिले, शिक्षकाने फळ्यावर आंबा काढून चाळीस मुलांकडून तसेच चाळीस आंबे काढून घेऊ नयेत. पाहिलेली वस्तू मुलांनी आपल्या नजरेने काढावी. दुसरे, मुलाच्या चित्रावर शिक्षकाने आपली दुरुस्तीची रेघ ओढू नये. चूक दाखवावयाची असेल तर मुलाला पुन्हा त्या वस्तूजवळ न्यावे. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे, काढलेले चित्र दप्तरात बंद राहू नये. ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला लावावे, नाव लिहावे आणि राष्ट्रीय सणाच्या दिवशी गावकऱ्यांना दाखवावे. आईने मजुरीवरून येता येता शाळेच्या भिंतीवर आपल्या मुलीचे चित्र पाहिले, तर शाळेविषयीची तिची आस्था कोणत्याही सूचनापत्राने वाढणार नाही इतकी वाढेल.

पुढे माध्यमिक शाळेत ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांच्यासाठी शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा आहेत. त्यांतून कलाशिक्षणाचे दार उघडते. परंतु त्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ पहिली-दुसरीतच मिळावे लागते. शंभरांतील एखादाच विद्यार्थी चित्रकार होईल. उरलेले नव्याण्णव शेतकरी, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, दुकानदार आणि शिक्षक होतील. त्या नव्याण्णवांनाही नीट पाहता यावे आणि पाहिलेले दुसऱ्यास दाखविण्याचा आनंद कळावा, यासाठी हा तास आहे.

लेण्याद्रीचा स्तंभ घडविणाऱ्याचे नाव आज कोणास ठाऊक नाही. परंतु त्यास कोणीतरी छिन्नी धरावयास शिकविले होते. गावच्या शिक्षकाचे कामही बहुधा असेच निनावी राहणार. म्हणूनच या आठवड्यात चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयास देण्याचा प्रसंग आला, तर शिक्षकाने क्षणभर थांबून वर्गातील त्या अबोल मुलाकडे एकवार पाहावे. मग तो तास त्याचा त्यास द्यावा.