दारू सोडणाऱ्यांची बैठक वेगळी बसू द्या
(पाडा समित्यांच्या बैठकीत संघटनेच्या वतीने केलेले भाषण)



दाव्यांचं बोलणं मघाशी झालं. दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब, मोजणी, सगळं झालं. आता बोलायचं ते दारूचं, पण ते जमिनीचंच काम आहे. वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो आणि तो विकता येत नाही, असं कायदा सांगतो. तरी प्लॉट हातातून जातो कसा? गुत्त्यावर उधारी चढते, मग "या पावसात तुझा प्लॉट मी कसतो" एवढ्या तोंडी बोलीवर दुसराच नांगर घालतो. कागद आपल्या पेटीत आणि भात त्याच्या घरात. आपल्या आज्यांच्या जमिनी सावकाराने अशाच घेतल्या, तेव्हा निदान अंगठा तरी लावून घ्यायचा.

गुत्ते बंद करायचं आपल्याला माहीत आहे. १९७० नंतरच्या वर्षांत शहाद्याकडच्या भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दारूबंदीचा अधिकारही दिला. ते काम चालूच राहील. पण गुत्ता बंद झाला म्हणून पिणाऱ्याचं अंग मागायचं थांबत नाही, तो पुढच्या पाड्यावर जातो. दंड बसवला तर भरते कोण? त्याची बायको, तिच्या मजुरीतून. दंड आम्हाला विकणाऱ्यासाठी पटतो, पिणाऱ्यासाठी नाही.

मग त्याच्यासाठी काय? एक जुनी गोष्ट सांगतो. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात बिल नावाचा शेअर दलाल धंद्यासाठी आला होता. पाच महिने त्याने दारू सोडलेली. धंदा फसला, समोर दारूचं दुकान, मन ओढायला लागलं. त्याने काय केलं, तर फोनवर विचारत विचारत दुसरा दारुडा शोधला. तो निघाला बॉब नावाचा डॉक्टर, ऑपरेशनं करणारा. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता बरं का, स्वतः वाचायला गेला होता. दोघं बोलत बसले. पुढे बॉबचीही सुटली. त्यातूनच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं, लोक त्याला एए म्हणतात. आपल्या देशात ते १९५७ पासून आहे.

एएची बैठक म्हणजे काय? तास-दीड तास बसायचं. फी नाही, पुढारी नाही, सोडायची इच्छा एवढीच अट. आपलं नाव सांगायचं आणि आपल्यावर काय गुदरलं ते बोलायचं. दुसऱ्याने ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही, आजचा दिवस प्यायचं नाही, एवढंच. तिथे देवाचं बोलणं निघतं. ज्याचा जो देव तो त्याचा, कोणी सक्ती करत नाही. खुल्या बैठकीला घरचेही जाऊ शकतात, बंद बैठक फक्त पिणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून वेगळी बैठक असते. नवरा येवो न येवो, बाईने जावं.

ती सापडते कुठे? सरकारी दवाखान्यात विचारा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात राहून आलेला माणूस ओळखीचा असेल तर त्याला विचारा. मुंबईकडे मजुरीला जाणाऱ्यांनी तिथेच विचारावं. शाळेच्या खोलीत, चर्चच्या हॉलमध्ये अशा बैठका बसतात. पहिल्या वेळी एकट्याला पाठवू नका, वाटेत गुत्ते असतात. आणि एकदा जाऊन आला, "काय नाय झालं" म्हणाला, तरी परत पाठवा.

एक गोष्ट नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम सुटतो, फीट येते, नसलेलं दिसायला लागतं. त्यात जीवही जातो. तेव्हा आधी ग्रामीण रुग्णालयात न्या, भगताला मागून बोलवा. बैठक त्यानंतर.

दूर जाणं ज्यांना जमत नाही, त्यांनी पाड्यावरच बसावं. दोघं जमले तरी पुरे, बिल-बॉबही दोघंच होते. पण ही बैठक समितीची नको. समितीच्या बैठकीत ठराव होतो, वही भरते, जाब विचारला जातो. इथे वही नको. शहरात नाव झाकून ठेवतात. आपल्याकडे नाव काय झाकणार, कुणाची बकरी कुणाची तेही माहीत असतं. झाकायचं ते बोलणं. तिथे बोललेलं गुत्त्यावर, पाणवठ्यावर, या पत्रकात, कुठेच येता कामा नये. ते दंडासाठी वापरलं तर दुसऱ्या आठवड्याला कोणी येणार नाही.

देवाच्या कामाला मोहाची लागते, तिचं काय, असं बायांनी विचारलं. देवाला धार सोडावी. सोडलेल्याच्या वाट्याची दुसऱ्याने घ्यावी, आणि त्याला "घे रे थोडी, देवाची आहे" म्हणू नये. थोडीशीच त्याला परत पाडते. भगतांशी आम्ही बोलू.

प्रत्येक पाड्याने पुढच्या बैठकीला येताना दोन गोष्टी ठरवून याव्यात. जवळची बैठक कुठे, कोणत्या वारी बसते आणि परतीची एसटी कधी, हे दवाखान्यात विचारून कोण आणणार? आणि पहिल्यांदा जाणाऱ्याबरोबर कोण जाणार? तिकिटाचे पैसे संघटनेच्या वर्गणीतून देऊ.