पाणी दिलेले लोखंड

(मंडळाच्या कांचघर येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुमच्या कारखान्यातले काहीतरी सांगा," अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. जबलपूर ही कारखान्यांची नगरी. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा आला, १९६९ मध्ये वाहन कारखाना उभा राहिला आणि शक्तिमान ट्रक तेथे बनू लागले. आपल्यापैकी निम्म्या घरांची चूल या भोंग्यांवर पेटली. तेव्हा कारखान्याचे नवल येथे कोणाला सांगावे? म्हणून मी अशा एका हत्याराविषयी बोलणार आहे, की जे आमच्याकडे कधी बनले नाही; परंतु लोखंडाला पाणी देणे म्हणजे काय, हे मला खरे त्यानेच शिकविले. ते म्हणजे नेपाळी खुकुरी.

आम्ही तेव्हा कांचघरात राहत असू. शेजारच्या बिऱ्हाडी सैन्यातून निवृत्त झालेले एक गुरखा हवालदार होते. आमची आई कऱ्हाडकडची. हिंदी तिला अखेरपर्यंत धड आली नाही. हवालदारांच्या पत्नीला नेपाळीखेरीज भाषा नव्हती. पण एके दुपारी आई त्यांच्याकडे गेली ती हसतच परत आली. "अरे, त्यांच्याकडे विळी आहे!" नेपाळात तिला चुलेसी म्हणतात. पायाने दाबून धरावयाची, पाते उभे, आणि भाजी पात्याकडे न्यावयाची. बंगाल्यांच्या बोटीचीही हीच तऱ्हा. त्या दिवसापासून दोघी समोरासमोर बसून, एक मेथी, दुसरी मोहरीचा पाला चिरीत. काय बोलत, ते देवाला ठाऊक. हवालदार आईला 'आमा' म्हणत. खंडेनवमीला आमची विळी, माझे पाने-पेचकस आणि त्यांची खुकुरी एकाच पाटावर मांडली जात. कारण त्यांच्या दसैंतही नवमीला हत्यारांची पूजा असते.

खुकुरी आपण चित्रात, पलटणीच्या बिल्ल्यावर पाहतो. हातात क्वचितच घेतो. पाते पुढच्या बाजूस वाकलेले, पोटाशी रुंद, म्हणून वजन पुढे. पाठ जाड, धार आतल्या वळणाला. मुठीपाशी धारेत एक लहानशी खाच असते, तिला कौडी म्हणतात. कोणी तिच्यात गाईचे खूर पाहतो, कोणी त्रिशूळ. कोणी म्हणतो, रक्त वा झाडाचा चीक मुठीवर ओघळू नये म्हणून ती आहे. म्यानात मागे दोन छोटी पाती खोचलेली असतात. एक कर्दा, साध्या बारीक कामाचा चाकू. दुसरी चकमक, जिला धारच नसते. नवखा माणूस तिला बोथट समजून कानसेने घासू पाहतो. ती मुळी धारेवरून फिरवून धार सरळ करण्यासाठी आणि गारेवर आपटून ठिणगी पाडण्यासाठी आहे.

ही पाती कामी नावाचे लोहार घडवितात, आणि गेल्या कित्येक वर्षांत पोलाद बहुधा मोटारीच्या कमानीच्या पाट्याचे घेतात. आम्ही येथे ट्रक बांधावे, आणि त्याच जातीच्या पाट्याची तिकडे खुकुरी व्हावी, याची मला मोठी गंमत वाटे. परंतु खरी करामत पुढे आहे. पाते लाल झाले की कारागीर ते पाण्यात बुडवीत नाही. चहाच्या किटलीने धारेवर, केवळ धारेवर, पाण्याची बारीक धार सोडतो. धार कडक होते, पाठ मऊ राहते. कडक धार कापते आणि मऊ पाठ घाव सोसते. आमच्याकडे भट्टीला तापमापक होते, तेलाच्या टाक्या होत्या. त्या माणसाजवळ किटली आणि डोळा.

म्यानातून काढल्यावर खुकुरीला रक्त दाखविल्याशिवाय परत घालीत नाहीत, ही दंतकथा आपण सर्वांनी ऐकली असेल. मी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, "मग आम्ही मुळा कशाने चिरला असता, दादा?" डोंगरातल्या घरात मांस तोडण्यापासून सरपण फोडण्यापर्यंत सर्व कामे तिच्याकडे.

वापरताना जोर मनगटाचा नव्हे. मूठ सैल पण निश्चित धरावी, हात खांद्यापासून यावा, आणि घाव पात्याच्या पोटाने बसावा, टोकाने नव्हे. वजन आपले काम करते. पाय फाकवून उभे राहावे, म्हणजे चुकलेला घाव गुडघ्यावर येत नाही. पाते लाकडात अडकले तर पिळू नये. आणि म्यान धरताना बोटे धारेच्या बाजूस कधीही गुंडाळू नयेत. जुने चामडे फाटून धार बाहेर येते, आणि मग बोटे मोजावी लागतात.

आता माझी चूक. एका पावसाळ्यानंतर अंगणातील घाणेरीची जाळी तोडण्यासाठी मी ती खुकुरी मागून आणली. मुळाशी दगड होता. धारेला दोन दाते पडले. शरमेने मी शेजाऱ्यांना काही बोललो नाही. एका ओळखीच्या दुकानी विजेच्या सहाणेवर धरून दाते उडविले. ठिणग्या छान उडाल्या. घरी येऊन पाहतो तो धारेवर मोरपिसासारखी निळी रेघ! ज्याचा दिवस पोलादाचे रंग पाहण्यात जातो, त्याला ती रेघ वाचता येऊ नये? गवती पिवळा रंग सुमारे २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. म्हणजे पाणी उतरले होते. धार चकचकीत होती, आणि मेलेली होती.

हवालदारांनी ती उजेडात धरली. रागावले नाहीत, मला ते फार लागले. घरातून एक सहाण आणून माझ्यापुढे ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या. म्हणाले, "निळे जाईपर्यंत." पुढचे पंधरा दिवस संध्याकाळी मी ओट्यावर बसून घाशीत असे. सहाण ओली, पाते थंड, घाई नाही. आई विळीवरून मान वर करून पाहे आणि काही न बोलता पुन्हा भाजी चिरू लागे. निळे गेले, पाते तेथे थोडे अरुंद झाले, ते आजही दिसते. पुढे ते नेपाळात परतले तेव्हा खुकुरी माझ्या हाती देऊन गेले. मी नको म्हटले. ते म्हणाले, "हिचा दोष तुम्हाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही."

निगा थोडकीच आहे, पण चुकवून चालत नाही. हे पोलाद गंजते. लिंबू, कांदा, चिंच लागली की लगेच धुऊन कोरडे करावे. मग तेलाचा हलका हात. पावसाळ्यात म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. तेल लावून कापडात गुंडाळावे. रोजच्या धारेला चकमक पुरते, सहाण वर्षातून एकदोनदा. मूठ लाखेने बसविलेली असते, म्हणून गरम पाण्यात बुडवू नये. विळीलाही याहून निराळे काही लागत नाही. सायकलचे चाक फिरवून धार लावणारा दारी आला तर त्याला बजावावे, की मध्ये मध्ये पाणी मार.

चिटणीसांची इच्छा होती की मी ती आज येथे आणावी. मी आणली नाही. नऊ इंचांहून लांब पात्यांविषयी शस्त्रांचे नियम आहेत. घरगुती व शेतीची हत्यारे त्यातून वगळली असली तरी पिशवीत खुकुरी घालून घमापूरच्या चौकातून जाणाऱ्या म्हाताऱ्याला ते समजावीत बसावे लागेल. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी रविवारी सकाळी घरी यावे. आईची विळीही तेथेच आहे. मुलांना अवश्य आणा. सहाण मोठी आहे, दोघांना एका वेळी बसता येते.