दुकानातील गर्दी आणि फळीमागचा माणूस
(सोनारी, जि. धाराशिव येथील भाषण)



भैरवनाथाच्या या गावाला गर्दी नवी नाही. परंतु २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी लागली आणि तो चैत्र यात्रेविना गेला. देवदर्शनावाचून आपण राहिलो; किराण्यावाचून कसे राहणार? मंदिरे बंद होती, दुकाने मात्र उघडी ठेवणे भागच होते, आणि सारी गर्दी तेथे लोटली.

नवी मुंबईतील वाशीच्या घाऊक बाजाराचे उदाहरण घ्या. व्यापारी आणि माथाडी कामगार बाधित होऊ लागले, तेव्हा ११ ते १७ मे २०२० या काळात तो बाजार बंद ठेवावा लागला. गिऱ्हाईक दहा मिनिटांत पिशवी भरून निघून जाते. पोती वाहणारा हमाल आणि गल्ल्यावरचा नोकर दिवसभर त्याच हवेत असतात. दुकानापुढे चुन्याची वर्तुळे आखली गेली, ती मुख्यतः आपल्यासाठी! फळीमागे अंतर कोणी मोजले?

पुन्हा साथ आली, तर यादी आदल्या दिवशी दुकानात द्यावी, घरातून एकानेच जावे आणि माल दारातूनच घ्यावा. दुकानदार बंधूंना एक विनंती आहे. आजारी नोकराचा पगार कापू नका. कापलात, तर तो ताप लपवून कामावर येईल.