जुना टॉय हॉलर घेताना

अमेरिकेत टॉय हॉलर नावाचा ट्रेलर मिळतो. पुढे राहायची खोली, मागे मोटरसायकली चढवायला आडवं उतरणारं दार. जुना घेणार असाल तर आधी ओल शोधा. कोपऱ्यातली भिंत अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागली, कुबट वास आला, तर आतलं लाकूड कुजलंय असं समजा. किंमत कितीही उतरवली तरी मी असा ट्रेलर घेणार नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. नुसतं उभं राहूनही रबर चिरतं. आणि वजन! टाकीतलं 100 गॅलन पाणीच सुमारे 378 किलो भरतं, मोटरसायकली वेगळ्या. ट्रेलरवर चिकटवलेली भारमर्यादा वाचा, कागदांवर कर्जाचा बोजा नाही ना ते बघा, मगच विसार द्या.