पुनःप्रत्ययाची कसोटी

(दातिवरे येथील व्याख्यानाचा मजकूर)



वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याच्या समोर वसलेल्या दातिवऱ्यात भरती-ओहोटीचे गणित कोणाला शिकवावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हा नियम नातू प्रथम आजोबांच्या शब्दावर मानतो. पण होडी हाकू लागला की दर पंधरवड्याला तो स्वतः पडताळून पाहू शकतो. पलीकडच्या तीरावरील नावाड्यालाही तोच अनुभव येतो. सांगणारा कोण, याला तेथे महत्त्व उरत नाही. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने, दुसऱ्या ठिकाणी, त्याच कृतीने केला असता तोच निष्कर्ष निघाला पाहिजे, ही विज्ञानाची अपेक्षा याच जातीची आहे.

ही कसोटी किती कठोर असते, याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात घडले. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात पॅलॅडियम धातूची कांडी ठेवून विद्युतप्रवाह सोडला असता अणुगर्भांचे संमीलन होते आणि पुरवलेल्या ऊर्जेहून अधिक उष्णता बाहेर पडते, असा त्यांचा दावा होता. सूर्याच्या गाभ्यात कोट्यवधी अंश तापमानाला घडणारी क्रिया टेबलावरच्या काचपात्रात घडली, असाच त्याचा अर्थ. साऱ्या जगाचा इंधनप्रश्न सुटल्याच्या वार्ता झळकल्या.

जड पाणी आपल्या परिसराला अपरिचित नाही. तारापूरचे १९६९ चे पहिले दोन संच साध्या पाण्यावर चालणारे. मात्र २००५-०६ मध्ये सुरू झालेले तिसरा व चौथा संच जड पाण्याचेच आहेत. तुर्भ्याला तर जड पाणी, न्यूट्रॉन मोजण्याची साधने आणि ट्रिटियमच्या मोजणीचा दीर्घ अनुभव, हे सारे हाताशी होते. केंद्राचे तत्कालीन संचालक डॉ. पी. के. अय्यंगार हे १९७४ च्या पोखरण चाचणीचे एक प्रमुख शिल्पकार. त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे डझनभर गट कामाला लागले. वर्ष संपण्यापूर्वीच, डिसेंबर १९८९ मध्ये, अय्यंगार आणि डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल सिद्ध झाला. अनेक गटांना न्यूट्रॉन व ट्रिटियम आढळल्याची नोंद त्यात होती.

येथेच खरी अडचण उभी राहिली. रूढ सिद्धांतानुसार अशा संमीलनात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळपास सारख्याच प्रमाणात निर्माण व्हावयास हवेत. तुर्भ्याच्या मोजणीत ट्रिटियमच्या मानाने न्यूट्रॉन अत्यल्प होते. यूटाने सांगितलेली उष्णता या नेहमीच्या मार्गाने निघाली असती, तर न्यूट्रॉनच्या माऱ्याने प्रयोग करणारा जिवंत राहिला नसता! शिवाय जड पाण्यात मुळातच थोडे ट्रिटियम असते आणि विद्युत-विघटनाने त्याचे प्रमाण वाढत जाते; म्हणून अत्यंत काटेकोर तुलनेवाचून निष्कर्ष काढता येत नाही. सर्वांत मोठी उणीव म्हणजे हा परिणाम मागाल तेव्हा मिळत नव्हता. एका पात्रात दिसे, शेजारच्या तशाच पात्रात दिसत नसे. कॅलटेक, एमआयटी, इंग्लंडमधील हार्वेल अशा नामांकित प्रयोगशाळांच्या हाती काही लागले नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीनेही नोव्हेंबर १९८९ मध्ये पुरावा पटण्याजोगा नसल्याचा अभिप्राय दिला.

परदेशी पंडितांनी नाकारले म्हणून आपले संशोधन खोटे ठरत नाही. तसेच ते भारतीयांनी केले एवढ्यावरून खरेही ठरत नाही. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी जे दिसले ते मोजमापासह छापले, जगापुढे ठेवले, ही त्यांच्या प्रामाणिकपणाची खूण होय. शोध सिद्ध झाला, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही. मोबाइलवर येणाऱ्या ‘भारतीयाचा अद्भुत शोध’ छापाच्या संदेशांनी ज्यांची छाती फुगते, त्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा. तो संदेश पुढे धाडण्यापूर्वी ‘हा प्रयोग आणखी कोणी करून पाहिला?’ एवढे विचारणे हा काही देशद्रोह नव्हे.

ही दृष्टी पश्चिमेकडून उसनी आणावी लागते, असेही नाही. याच कोकणच्या किनाऱ्यावर, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी, केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी ग्रंथांतील ग्रहगणित आणि आकाशातील प्रत्यक्ष ग्रह यांचा मेळ घालून पाहिला. जेथे अंतर पडले तेथे त्यांनी परंपरेचा आदर राखून गणित सुधारले. गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा ग्रंथ. पुढे कित्येक पिढ्या पंचांगे त्यावरून होत राहिली. कालांतराने त्यातही अंतर पडू लागले. लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीचा आग्रह धरला तो ‘दृक्प्रत्यय’ या शब्दाच्याच बळावर.

आज हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानापुरता राहिलेला नाही. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध अभ्यासांच्या पुनर्तपासणीचा वृत्तांत आला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी ठोस परिणामाचा दावा केला होता. पुनरावृत्तीत तो जेमतेम ३६ टक्क्यांत टिकला. हे सारेच लबाड होते असे समजण्याचे कारण नाही. थोडक्या माणसांवरील चाचण्या, अनुकूल आकडे तेवढे छापण्याची वृत्ती, नोकरी-बढतीसाठी शोधनिबंधांची घाई, यांनीही असे घडते. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करणाऱ्याला ना मानसन्मान मिळतो, ना अनुदान.

शीत संमीलनाचा विषय मात्र तेवढ्यावर संपला नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’ या आपल्या बंगळुरूच्या नियतकालिकाने त्यावर विशेष विभाग काढला. त्याच्या संपादकांत डॉ. श्रीनिवासन होते. त्याच वर्षी गूगलच्या आर्थिक साह्याने सुमारे ३० संशोधकांनी नव्याने प्रयोग आरंभले. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, ‘नेचर’मध्ये त्यांनी कळविले की, शीत संमीलनाचा कोणताही पुरावा त्यांना आढळला नाही. पॅलॅडियममध्ये जड हायड्रोजन किती भरता येतो आणि त्या तापलेल्या पात्रातील उष्णता अचूक कशी मोजावी, याची आपली पद्धत मात्र त्यांनी इतरांसाठी प्रसिद्ध केली आहे.